काशाचे बिल्ले

मुळशी भागात फौजदार असताना माझ्याकडे आलेले एक प्रकरण इतकी वर्षे झाली तरी मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. होते ते रुपयाएवढे काही बिल्ले.

पहिले महायुद्ध संपून थोडीच वर्षे झाली होती. मुळेच्या खोऱ्यात धरणाचे काम चालू होते आणि बुडणाऱ्या जमिनींवरून लोक चिडले होते. पौडच्या ठाण्यातला आमचा निम्मा वेळ बंदोबस्तात जाई. अशात एका सकाळी रिहे खोऱ्यातल्या एका गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले. त्यांनी कोपरीच्या खिशातून एक बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवला. बाजारात लोक हे छातीला लावून फिरतात, अशी त्यांची खबर होती.

बिल्ल्याच्या एका बाजूला पाण्यात पोहणारी मेंढी होती, तिच्या पाठीवर कोकरू. दुसऱ्या बाजूला धरणाच्या भिंतीवर टोपीवाला साहेब उभा होता. त्याने डोळ्याला दुर्बीण लावली होती, पण उलटी. खाली अक्षरे होती : ‘हितं कुणी न्हाई’.

आमचे हवालदार हसले. मलाही हसू आवरेना. पुण्याच्या वरिष्ठांना मात्र ते रुचले नाही. धातूची गोल चकती आहे, तेव्हा खोटी नाणी पाडल्याचे कलम लावा, असा हुकूम आला. त्या कलमाखाली माणूस कित्येक वर्षे आत जातो. मला साचा शोधायचा होता आणि साचा करणारा माणूस.

बाजारात ज्याला विचारावे तो सांगे, वाटेत सापडला. खोटे बोलणारा माणूस बहुधा घाईने बोलतो. हे लोक सावकाश, माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलत होते. ते स्वतःसाठी भीत नव्हते, कुणाला तरी राखत होते, एवढे मला समजले.

काही दिवसांनी आम्ही बंदोबस्तावरून परतत होतो. मेंढरांचा मोठा कळप वाटेत आडवा आला. आम्ही बाजूला थांबलो. सगळा कळप समोरून गेला, पण एकाही मेंढीच्या गळ्यातली घाटी, म्हणजे घंटा, वाजली नाही. डोंगरउतारावर चरणाऱ्या कळपाला घाटीवाचून कुणी सोडत नाही. नीट पाहिले तर मेंढ्यांच्या गळ्यात नुसत्या दोऱ्या होत्या. मी खिशातला बिल्ला दगडावर आपटून पाहिला. तो घाटीसारखाच खणखणला. घंटेचा धातू, कासे होते ते.

कळपामागे एक धनगर म्हातारी होती. घाट्या कुठे गेल्या म्हणून विचारले, तर वितळवायला दिल्या, असे तिने सरळ सांगितले. कुणाला दिल्या, ते मात्र सांगेना. बेडीची भीती घातली तेव्हा तिने दोन्ही हात पुढे केले. मी तिची जबानी घेतली आणि तिला जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी बगलेत गाठोडे घेऊन एक माणूस आपल्या पायांनी ठाण्यात आला. तो धातूच्या वस्तू ओतणारा ओतारी होता आणि पलटणीत जाऊन आलेला होता. गाठोड्यात साचा होता.

“म्हातारीला इचारलं म्हनं तुमी,” तो म्हणाला. “तिला ह्यात वढू नगा. बिल्लं माजं हायेत.”

चौकशीत त्याने काहीच लपवले नाही. फ्रान्सच्या आघाडीवर तो जर्मनांच्या हाती लागला होता. ओतकाम येते म्हणून त्याला जर्मनीतल्या एका भट्टीवर ठेवले. लढाई थांबल्यावरही गावी परतायला पुष्कळ महिने गेले. त्या काळात त्याने तिथल्या बाजारात लोखंडाचे बिल्ले विकायला आलेले पाहिले. एकावर लोक भाकरीसाठी रांगेत उभे होते आणि लठ्ठ व्यापारी धान्याच्या पोत्यांवर बसला होता. दुसऱ्यावर त्याच देशाचे मंत्री एकमेकांचे कान ओढत होते.

“हरल्याला मुलूख, सायेब. खायाला न्हाई. पर लोक बिल्ला बघायचं आन् हसायचं. इकनाऱ्याला कुणी धरलं न्हाई,” तो म्हणाला. “मला वाटलं, दगुड मारन्यापरीस ह्ये बरं.”

मी जसे घडले तसेच कागदावर लिहिले. वरिष्ठांना ते आवडले नाही, पण खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटनी मला विचारले, की हे नाणे म्हणून कुणी चालवले काय? मी सांगितले, नाही. लोक ते छातीला लावतात, खर्च करत नाहीत. वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिले. मी समोरच पाहत राहिलो.

मग मॅजिस्ट्रेटनी त्या अक्षरांचा अर्थ विचारला. ओतारी बोलण्याआधी साक्षीला आलेली म्हातारीच उठली.

“आमच्या माळाची पाहनी झाली,” ती म्हणाली. “कागदावर लिवलं, हितं कुणी ऱ्हात न्हाई. माजी सासू तितंच गेली, तिची सासूबी तितंच. मंग त्या कुटं व्हत्या, सायेब?”

मॅजिस्ट्रेटनी तो माळ नेमका कुठे आहे, ते तिच्याकडून विचारून घेतले आणि सगळे लिहवून घेतले.

ओतारी सुटला. मॅजिस्ट्रेटचा शेरा महसूल खात्याकडे गेला आणि पाहणीवाले पुन्हा त्या माळावर चढले. या वेळी धनगरांचे वाडे कागदावर आले आणि पाण्याच्या वरच्या अंगाला त्यांना चराई मिळाली. धरण व्हायचे ते झालेच. खोऱ्यातल्या अनेकांच्या वाट्याला एवढेही आले नाही, हे मी विसरलेलो नाही. पण त्या माळावरची माणसे टिकली.

त्या तपासाने मला एक सवय लावली. ठाण्यात आणलेल्या माणसाला ‘तू काय केलेस’ हे विचारण्याआधी ‘तुला काय सांगायचे आहे’ हे मी विचारू लागलो. पुढच्या नोकरीत कितीतरी गुन्हे याच प्रश्नाने उकलले आणि काही तर घडण्याआधीच मिटले.

निवृत्तीनंतर एकदा मी त्या वरच्या माळावर गेलो होतो. म्हातारी केव्हाच गेली होती. तिची नातसून दूध काढत होती. तिने मी कोण म्हणून विचारले. पूर्वी पौडच्या ठाण्यावर होतो, असे मी सांगितले.

“मंग उभं का? बसा की,” ती म्हणाली आणि तिने घोंगडी अंथरली.