घाटात टाकायचा राहिलेला दगड

हवापालटाला गेलो नव्हतो, हे आधीच सांगतो. नाशिकहून पेठची एसटी पकडली तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्या आणि एक दगड होता.

पिशवी शेजारच्याच्या गुडघ्याला लागली. "बाबा, डोंगरात दगड घेऊन निघालात? तिकडं कमी पडले काय?"

"बायकोचा आहे," म्हटलं. त्यानं पाय आवरून पिशवीला जागा करून दिली.

बायकोचं माहेर पेठकडच्या एका पाड्यावर (डोंगरातली छोटी वस्ती). घाट ओलांडताना वळणावरच्या आंब्याखालच्या ढिगावर एक दगड टाकायचा, म्हणजे माणूस सुखरूप घरी पोचतो, ही तिकडची रीत. मी मैलकुली (रस्त्याची निगा राखणारा मजूर). तिला चिडवायचो, "जन्मभर खडी टाकली, मला कुठं देव पावला?" गेल्या साली माहेरीच ती आजारी पडली. जीपमधून दवाखान्यात नेताना दगड तिच्या मुठीत होता. घाटात म्हणाली, "जरा थांबवा ना." मी खेकसलो, "ही काय वेळ हाय का?" ती घरी आली नाही. दगड आला.

घाट लागला आणि मी जागेवरून उठलोच. कांदा चिरावा तसा डोंगर उभा चिरलेला. चार मजल्यांएवढी भिंत, काळी, तांबडी, मधेच चुन्यासारखी पांढरी रेघ. आम्ही पहारीनं साल-साल खपलो असतो तरी एवढं हललं नसतं. असा रस्ता मी जन्मात बघितला नव्हता. मग खिडकीतून वाकून बघितलं. जुनं वळणच दिसेना. आंब्याखालचा ढीग कुठं?

"ते वळण रुंदीकरणात गेलं, बाबा," कंडक्टर म्हणाला.

"मग उतरव मला."

माथ्यावर फाट्याला एका म्हातारीचं खोपट होतं. तिनं नागलीची भाकरी आणि खुरासणीची (काळ्या तिळासारखं बी) चटणी दिली. भाकरी हातातच ठेवून ढिगाचं विचारलं.

"चला, दावते."

पाड्याकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी ढीग होता. माझ्या छातीएवढा.

"मशीन यायच्या आधी अख्ख्या पाड्यानं डोक्यावर पाट्यांनी वाहिला. चार दिस."

"सगळा?"

"कोनाचा कोनता दगड, काय ठावं? म्हून एक बी नाय सोडला."

मी टोपी काढली. डोंगर कापणाऱ्या मशीनपेक्षा मला त्या पाट्या मोठ्या वाटल्या. बायकोचे इतक्या वर्षांचे दगड यातच कुठं तरी होते. "हा बायकोचा," म्हणत तिचा शेवटचा मी वर ठेवला.

"आन तुमचा?"

"मी मानत नाही."

"मानता का म्हून कोन इचारतंय? घरी जायाचं ना? टाका गुमान."

टाकला.

दिवेलागणीला नाशिक रोडला घराचं कुलूप काढलं. गावाहून आलो की उंबऱ्यात बायको मोठ्यानं म्हणायची, "पोचलो गं बाई!" घरात कोणी नसायचं. कुणाला सांगतेस, म्हणून मी हसायचो.

त्या दिवशी मीच म्हटलं, "पोचलो." चप्पल काढली आणि परत म्हटलं, "दोघं बी."