टायर कशाने गेले

आमच्या घरात विषय निघाला की आजही सांगतात, गाडीचे टायर हिच्या पाट्या-वरवंट्याच्या वजनाने फुटले. साफ खोटं आहे. सांगणाऱ्यांपैकी निम्मे तर तेव्हा जन्मलेलेही नव्हते. त्या गाडीत मी राहत होते, तेव्हा काय झालं ते मीच सांगते.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या, त्यातली एक ह्यांनी घेतली. ह्यांना बोटीवरची नोकरी सोडून फोटोचा धंदा करायचा होता. रत्नागिरीत दुकान मांडून बसलं तर खेड्यातली माणसं फोटो काढायला कशाला येतील? म्हणून आपणच त्यांच्याकडे जायचं. गाडीच्या सांगाड्यावर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लाकडाची खोली बांधून घेतली. मामंजी जन्मभर मचव्यावर, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या होडीवर, तांडेल; खलाशांचे मुख्य. सुतारही त्यांनी होड्या बांधणाराच आणला. फळीला फळी अशी बसवली की पाण्याची आत शिरायची टाप नव्हती. पुढच्या भागात आमचं बिऱ्हाड, मागे काळा पडदा लावून फोटो धुवायची जागा. दिवाळीनंतर निघायचं, जत्रा, शाळा, लग्नं करत फिरायचं आणि पावसाच्या तोंडाला घरी यायचं. मग चार महिने गाडी परसात माडाच्या झापांच्या मांडवाखाली उभी आणि आम्ही घरात.

ते चार महिने मी कसेबसे काढायची. घरात मी धाकटी सून. पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग सासूबाईंची आणि थोरल्या जावांची, आणि शेवटी मी. कालवणात तोपर्यंत काय उरलेलं असायचं ते न सांगितलेलं बरं. गाडीत आम्ही दोघं एकाच वेळी जेवायचो, कारण दुसऱ्यांदा वाढायला जागाच नव्हती. मीठ कमी पडलं तर मीही म्हणायची, कमी पडलंय. लोक आम्हाला पाठीवर बिऱ्हाड घेतलेले म्हणून हसत. हसोत बापडे. ती गाडी मला माहेराहून प्रिय होती, आणि हे लिहिताना मला जराही लाज वाटत नाही.

चौथ्या वर्षी चैत्रात, मालगुंडकडे उतरताना पुढचा एक टायर फुटला. गाडी बांधाला घासून थांबली. जादा टायर चढवून तसेच पुढे निघालो, तर कोसभरात मागचाही गेला. तीन दिवस रस्त्याच्या कडेला काढून, कुणाकुणाच्या हातापाया पडून गाडी घरी आणली.

थोरले भावजी अंगणातच उभे होते. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "फोटोची गाडी ती. तिच्यात पाटा, वरवंटा, ट्रंका, हंडे! अख्खा घर भरलंन् तिना. टायर ऱ्हातील कसे?" मग ह्यांना म्हणाले, "अखजीपर्यंत गाडी रस्त्याला लागली तर लागली. नायतर मी सुतार बोलावतंय. मचव्याच्या फळ्या कुजल्या हायत, आनि ह्या गाडीचा लाकूड झ्याक हाय." आमच्याकडे अक्षय तृतीयेला अखजी म्हणतात. म्हणजे पंधरा दिवस. त्यानंतर माझ्या भिंती मचव्याला ठोकल्या जाणार, हे परत बोटीवर जाणार आणि मी बारा महिने शेवटच्या पंगतीला.

हे मान खाली घालून उभे राहिले. मला ह्यांचा राग आला, आणि तो मी लपवला नाही. "टायर बघायला उद्या मीही येणार," म्हटलं. भावजी हसले. मी गेले.

टायरवाल्याचं दुकान बाजारात होतं. त्याने ह्यांना आणि भावजींना बाकावर बसवलं आणि मला म्हणाला, "वहिनी, तुमी पायरीवर सावलीत बसा." मी म्हटलं, "ह्या टायरांवर ह्यांची गाडी चालते, पण त्या गाडीत मी झोपते. मला आत बघू दे." त्याने बाजूला सरून मला वाट दिली.

तीन तऱ्हेचे टायर त्याने दाखवले. एक लष्करी, जाड जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे. भावजी त्यांच्यावरून हात फिरवायला लागले, जणू बैलच विकत घ्यायचा होता. दुसरे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले, वरून अगदी कोरे करकरीत. तिसरे साध्या सरळ रेघांचे, दिसायला काहीच नाही. टायरवाल्याने विचारलं, "भरल्या गाडीचं वजन किती?"

हे म्हणाले, "असेल की बक्कळ." भावजी म्हणाले, "हिच्या संसाराचा तेवढा सांगा, बाकी गाडी हलकीच हाय."

माझ्या वडिलांचं चिपळूणला धान्याचं दुकान. वजन अंदाजाने सांगणाऱ्या माणसाला ते दुकानात उभं करत नसत. मी घरी आले, गाडीतलं सगळं सामान बैलगाडीवर घातलं आणि लाकडाच्या वखारीत नेलं. तिथे मोठा काटा होता. भर बाजारातून माझी ट्रंक, माझे हंडे, माझी अंथरुणं, माझा तो पाटा चालला होता, आणि मी मागून चालत होते. बघायला ही गर्दी. वखारवाला म्हणाला, "वयनी, घर मोडलात काय?" मी म्हटलं, "मोडू नये म्हणून आलेय. तोला." माझा सगळा संसार पाट्यासकट चार मणांच्या आत भरला. मग मी ह्यांचं सामान चढवायला लावलं. फोटोच्या मागे लावायचा राजवाड्याचा पडदा आणि त्याची लाकडी चौकट, गिऱ्हाईक बसवायची कोरीव खुर्ची, काचा, औषधांच्या बाटल्या, पाण्याचे डबे. ते भरलं अकरा मण. भावजी तिथवर आले होते. त्यांनी काट्याकडे बघितलं आणि त्यांना एकदम काहीतरी काम आठवलं.

पण खरं वजन त्याच्याही पलीकडे होतं. सुताराला विचारलं तेव्हा कळलं की आमची खोली निव्वळ ऐनाच्या जड लाकडाची आहे, आणि लाटांचा मार खायला जेवढ्या जाड फळ्या लागतात तेवढ्याच जाड. आम्ही चार वर्षं एक होडीच चाकांवर घालून फिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं टायरवाल्याला सांगितलं, आणि आमचे उतरवलेले टायरही दाखवायला नेले. तो म्हणाला, "वजन जास्त हाय खरं, पन एवढ्यानं असा फुटनार नाय." म्हणून मी एक टायर उभा करून बाजूला अंगठा दाबला. अंगठा रुतला. काढला तर बोट चिकट झालेलं. नक्षी शाबूत, झीज नावाला नाही, आणि बगल सुजून मऊ पडलेली. असं रबर मी आधी पाहिलेलं होतं. लोणच्याच्या काचेच्या बरणीला रबराचं कडं असतं, त्याला तेल लागत राहिलं की ते असंच सुजतं, ढिलं पडतं आणि बरणीवर बसेनासं होतं. मी बोट नाकाशी नेलं. माशाच्या तेलाचा वास.

आणि मग मला सगळं समजलं. हे माझ्याकडे बघत होते, त्यांनाही समजलं.

आमच्याकडे होडी पावसाआधी किनाऱ्यावर ओढली की तिला मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल पाजतात. लाकूड फुटत नाही, किडा धरत नाही. नव्या होडीला तर पाणी दाखवायच्या आधी पहिलं तेल घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातचंच लागतं. मामंजींनी गाडीलाही कधी वेगळं मानलं नाही. मचव्याबरोबर तिच्या फळ्यांना तेल, आणि फळ्यांबरोबर टायरांना. दर आषाढात ते करवंटी आणि फडकं घेऊन मांडवात बसायचे आणि चारी चाकं अशी माखायचे, जशी बाळंतीण पोराला माखते. मला दुसऱ्या वर्षीच शंका आली होती. पण सासऱ्यांच्या समोर सून बोलत नसते, म्हणून मी गप्प बसले होते. माझी चूक म्हणाल तर एवढीच.

टायरवाला म्हणाला, "तेल म्हंजे रबराचा काळ." मी रेघांचे टायर घ्यायचे ठरवले, आतल्या कापडाचे सगळ्यात जास्त थर असलेले. भावजींना लष्करी हवे होते. मी म्हटलं, "ती नक्षी चिखलाची. पावसाळ्यात गाडी मांडवात असते, नक्षी कुणाला दाखवायची?" नवं रबर चढवलेले टायर मी वाकवून बघितले, तर बगलेत बारीक भेगा होत्या. वरून नवा सदरा आणि आत म्हातारा. पैसे आमच्या धंद्याचे होते, भावजींच्या खिशातून काही जात नव्हतं. त्यांची कुरकुर कोण ऐकतो?

येताना वाटेत हे म्हणाले, "बाबांना सांगू नको. उन्हानं फुटले म्हणू."

"आणि नव्या चार टायरांना उद्या पहिलं तेल लागेल, त्याचं काय?"

"लागू दे. दोन वर्षं तर जातील."

"आणि मग परत भावजी अंगणात उभे. नाही चालणार." हे घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिले. मीही समजूत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायर चढले. सगळं घर परसात जमलेलं. मामंजी अंघोळ करून, कोरं धोतर नेसून आले. नारळ फोडला, चाकांवर पाणी शिंपडलं. मग करवंटीत फडकं बुडवून पहिल्या चाकापाशी बसले. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गाडीच्या पलीकडे काहीतरी तपासत होते.

मी पुढे गेले आणि मामंजींचं मनगट धरलं.

सासऱ्यांच्या अंगाला सुनेने हात लावायचा नसतो. मागे सासूबाई "अगो, अगो" करायला लागल्या. मी हात सोडला नाही.

"मामंजी, नको. तेलानेच गेले टायर. चारी. माझ्या वजनाने नाही, उन्हाने नाही. तुमच्या तेलाने."

असं तोंडावर बोलताना मला वाईट वाटलं. त्यांनी चार वर्षं जीव लावून केलं होतं ते. पण मी शब्द फिरवला नाही, आणि आज परत वेळ आली तरी फिरवणार नाही. भावजी ओरडले, "बाबांना शिकवतेस काय गो? व्हतीस कोन तू?"

"तू गप," मामंजी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. "मग चाकांना काय लावायचा?"

"काही नाही लावायचं. पावसाळ्यात गाडी ओंडक्यांवर उचलून ठेवायची, तुम्ही होडी ठेवता तशी. चाकांवर भार नको. आणि वरून गोणपाट टाकायचं, बास."

त्यांनी ओंडक्यांचा विचार केलेला दिसला. मान हलवली. मग करवंटी खाली ठेवली आणि विचारलं, "तुला ठाव व्हता, तर आदी का नाय बोललीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतं तुम्ही?"

मामंजींनी हातातलं फडकं चाकापासून लांब धरलं. फडक्यातून तेल मातीत गळत होतं. सगळं घर ऐकत होतं.

"नाय," म्हणाले.