टेलरमास्तरांची मांडी

"आदी माप, मग बोला," म्हणत मास्तर गळ्यातली टेप ओढायचे. आमच्या गल्लीतले ते शिंपी. समोरचा कापडाबद्दल बोलो की सरकारबद्दल, उत्तर हेच. प्रत्येक शिवणीत जादा कापड आत दाबून ठेवायची त्यांना खोड होती. "मानूस काय हाय तेवडाच ऱ्हातोय का?" असं विचारायचे.

त्या वर्षी बेलबॉटमची टूम होती. सगळ्या सोलापूरच्या पँटी खाली पसरत होत्या, मास्तरांची तेवढी मांडीशी. उजव्या मांडीत गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून ते दर महिन्याला शिवण उसवून पँट सैल करत राहिले. आतलं कापड संपलं तेव्हा कुठे घरात कळलं.

मग काय, गल्लीत डॉक्टरांचं पीक आलं. कुणी अक्कलकोटचा अंगारा आणला, कुणी एरंडाची पानं. मेव्हण्याची गाठ नुसत्या हळदीने विरघळली, असं वाण्याने सांगितलं. तो मेव्हणा सध्या कुठे असतो, ते सांगितलं नाही. मीही मागे नव्हतो, होमिओपॅथीची बाटली मीच नेली. मास्तर सगळं घ्यायचे आणि दर सोमवारी मांडी मोजून भिंतीवर खडूने आकडा लिहायचे.

"तुमच्या गोळ्या लई गोड हायती गुरुजी," मला म्हणाले. "अर्धा इंच वाढलं."

शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबत मी. मांसाचा कॅन्सर निघाला आणि एक्सरेत छातीतही डाग दिसले. मशीनचा शेक झाला, लाल इंजेक्शनं झाली, केस गेले. मोठे डॉक्टर पाच जणांचा लवाजमा घेऊन यायचे आणि लांबूनच म्हणायचे, "छान. बरंच उतरलंय."

एके दिवशी मास्तरांनी उशाखालून टेप काढली. "आदी माप, मग बोला साहेब. पाव इंच वाढलंय की."

लवाजमा छताकडे बघू लागला. डॉक्टरांनी टेप घेतली, वाकून स्वतः मोजलं आणि स्टूल ओढून बसले.

"पाय काढावा लागेल," ते म्हणाले.

"पाय काडला तर छातीतलं जातंय का?"

"नाही. मांडी फुटायची नाही, दुखणं कमी होईल. आयुष्य वाढेल असं मी म्हणत नाही."

त्या दवाखान्यात मी ऐकलेलं हे पहिलं सरळ उत्तर. मास्तर चक्क खूश झाले. "मग ऱ्हाऊ द्या. मशीन पायानं चालतंय माजं. दिवाळीची कापडं पडल्यात."

दुखण्याच्या गोळ्या घेऊन ते घरी आले आणि दिवाळीपर्यंत दात आवळून पायमशीन चालवलं. शेवटची पँट माझी. संक्रांतीच्या आधी ते गेले. एवढं दुखणं सोसत बसले म्हणून मला मास्तरांचा राग आला होता. पाय दिला असता तर वाचले असते, असं गल्लीत अजून म्हणतात. माप घेतल्याशिवाय बोलायला आम्हाला आता कुणाची आडकाठी नाही.

पुढे चार वर्षांनी माझं पोट सुटलं. तीच पँट दुसऱ्या शिंप्याकडे नेली आणि सैल होईल का विचारलं. त्याने कंबर उलटून बघितली.

"हुईल की," तो म्हणाला. "दोन इंच कापड आत ठेवलंय. एवडं कोन ठेवत न्हाई. कुनी शिवली?"

मी मास्तरांचं नाव सांगायला तोंड उघडलं. तोवर त्याने दात लावून पहिला टाका तोडलाही होता.