घाबरट चाचांची संघटना

हसनचाचांइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. दारावर थाप पडली की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडायचा. आणि भीती वाटली की ते गप्प बसत नसत, उलट बडबडत सुटत. "गप झालो का छातीतली धडधड ऐकू येतंय रे," म्हणायचे. अशा माणसानं कुवेतमध्ये आमची संघटना काढली, हे आजही कोणाला खरं वाटत नाही.

आम्ही दोघे मुरूडकडचे सिद्दी, पूर्वज आफ्रिकेतले. साठ सालच्या आसपास, समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या सरकारी कारखान्यात होतो. तिथे भर दुपारची बॉयलरची पाळी कायम काळ्यांच्या वाट्याला यायची: आम्ही, सुदानी आणि झांजिबारवाले. "तुम्हाला ऊन बाधत नाही," मुदीर, म्हणजे आमचा मोठा साहेब, हसत सांगायचा. एका ऑगस्टात झांजिबारचा सालेम बॉयलरपाशी कोसळला तो उठलाच नाही. त्याला माती देऊन परतताना चाचा बडबडत सुटले. "मना भ्याव वाटतंय, तुना वाटतंय, त्या सुदानी उस्मानला वाटतंय. मंग एकेकट्यानं कशाला भ्यायचा? मिलून भिऊया."

संघटना म्हटली की इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रद्द आणि पहिल्या बोटीनं घरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून शुक्रवारी नमाजानंतर आम्ही धमाल, म्हणजे आमची ढोलावरची गाणी, वाजवायला जमायचो, उरुसात वाजवतो तशी. ढोलाच्या आवाजात आमचं बोलणं बाहेर जात नसे. अध्यक्ष नाही, सचिव नाही. "डोकाच नाय तर कापतील काय?" चाचा म्हणायचे. धमालीत एकानं ओळ उचलायची, दुसऱ्यानं पुढे न्यायची. दुपारची पाळी सगळ्यांना वाटून द्या, ही मागणीही आम्ही तशीच बांधली. मुदीरपुढे प्रत्येकानं एकच वाक्य बोलायचं, म्हणजे पुढारी कोण ते कळणार नाही.

ठरल्या दिवशी मुदीरच्या खोलीत गेलो. पहिला बोलला. चाचा बोलले. तिसऱ्या उस्मानची दातखीळ बसली. खोलीत नुसता पंखा घरघरत होता. चाचांचे ओठ हलताना दिसले. त्यांना ती शांतता सोसवेना. त्यांनी उस्मानचं वाक्य बोलून टाकलं, मग चौथ्याचं, मग माझं, मग उरलेली सगळी.

"म्हणजे पुढारी तू," मुदीर त्यांच्याकडे बोट दाखवत म्हणाला.

आठवडाभरात चाचांना बोटीवर चढवलं. धक्क्यावर पोलीस असल्यानं आम्हाला जवळ जाता आलं नाही. कठड्याशी उभे राहून ते एकटेच काहीबाही बोलत होते. शब्द ऐकू येत नव्हते, पण कशामुळे बोलताहेत ते मला कळत होतं. पुढच्याच उन्हाळ्यात दुपारची पाळी सगळ्यांना लागली. चाचांना ते कळलं की नाही, कोण जाणे.

नंतर आम्ही पुन्हा मुदीरपुढे उभे राहिलो, बॉयलरपाशी प्यायला गार पाणी मागायला. उस्मान पुन्हा अडला. पुन्हा तोच पंखा. मला माझ्या छातीतली धडधड ऐकू आली, बाकीच्यांनाही आपापली ऐकू आली असावी. कारण त्याचं वाक्य आम्ही सगळेच एकदम बोललो. मुदीरचं बोट वर झालं, आणि कोणावर रोखावं ते त्याला कळेना.