एकदाच विचारणारी माणसं

अमरावतीहून ट्रॅव्हल्सची बस सुटताना आमचे हे खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, तूच जाऊन पारख. तुझं हो ते माझं हो." आमची रेवती पुण्यात आयटीत नोकरीला आहे. तिने लग्नासाठी पसंत केला तो एरिक, तिच्याच ऑफिसातला, पण मूळचा नॉर्वेचा. एरिकला आम्ही आधीच पाहिलं होतं, आता त्याची आई इंगरिड पुण्यात आली होती. लग्न झालं की पोरगी कायमची तिकडे जाणार. तेव्हा मी काही पुण्याला हवापालट करायला निघाले नव्हते. माझ्या डोक्यात शंभर प्रश्न होते, आणि पिशवीत पुरणाची डाळ.

सकाळी पुण्यात उतरले. रिक्षावाल्याला विचारलं, कोथरूडला येता का? तो म्हणाला, "मी जातोच आहे. तुम्ही बसता का?" उतरताना मी सवयीने थँक्यू म्हटलं, तर मीटरकडे बघत म्हणाला, "थँक्यूवर सीएनजी भरत नाहीत, काकू." पुण्याबद्दल आमच्याकडे जे जे बोलतात, त्यातलं बरंचसं सोसायटीच्या गेटशी पोचायच्या आतच खरं निघालं.

रेवतीच्या फ्लॅटवर इंगरिड माझी वाट बघत बसली होती. उंच, पांढरे केस, नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली. हात पुढे करून म्हणाली, 'ताक फॉर सिस्त' (मागच्या भेटीबद्दल आभार). मी चाट पडले. मागची भेट म्हणजे व्हिडिओ कॉल, आणि त्यात मी 'आवाज येतोय का' याखेरीज काही बोलले नव्हते. पण त्यांच्याकडे पुन्हा भेटलं की आधी मागच्या भेटीचे आभार मानायचे, अशी रीतच आहे म्हणे. आणि आभाराला शब्द 'ताक'! वैशाखातल्या विदर्भातून आलेल्या बाईला दुसरं काय हवं?

चहा पिता पिता आम्ही दोघी त्या थँक्यूवरच घसरलो. मास्तरीण निवृत्त झाली तरी खडू सुटत नाही. मी म्हटलं, इंग्रजीतलं 'थँक्स टू' मोठं मतलबी असतं, यशाचं श्रेयही देतं आणि खापरही फोडतं. तिने लगेच सांगितलं, आमचं 'ताकेत वेरे' अगदी तसंच. बस चुकली तरी खापर फोडायला तेच चालतं. 'थँकलेस जॉब'ला त्यांच्याकडे 'ऊताकनेमली' काम म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला बायकांचं काम म्हणतात. ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. जेवून उठताना जिने रांधलं तिला 'ताक फॉर मातेन' (जेवणाबद्दल आभार) म्हणायचं, हे तिथे पोरं बोलायला लागली की शिकतात. आमच्या घरात कुणी असं म्हणालं असतं, तर मी आधी कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आभार हे सभा संपल्यावर मानायचे असतात, तेही लोक चपला शोधायला लागल्यावर.

दुपारी मी पुरणपोळीचा घाट घातला. इंगरिडने पहिली पोळी मनापासून खाल्ली. दुसरी वाढायला गेले तर म्हणाली, नो थँक्स. आता पाहुण्याचं पहिलं 'नको' धरून बसणारी मी नव्हे! वाढली, वर तुपाची धार धरली. तिने ती निमूटपणे संपवली. मग आणखी एक. कारण पानात टाकायचं नाही, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. शेवटी उठून तिने मला 'ताक फॉर मातेन' म्हटलं आणि भिंतीला धरत जाऊन सोफ्यावर आडवी झाली. डोळे मिटलेले, चेहरा पुरणासारखा पिवळा. मी ओवा शोधत स्वयंपाकघरात धावले.

तिथे रेवतीने मला गाठलं. तिचं नाही म्हणजे नाहीच असतं गं आई, म्हणाली. मग तिने तिची स्वतःची फजिती सांगितली. मागच्या वर्षी ती त्यांच्या घरी गेली होती. बटाट्याचं भांडं पुढे आलं, हिने आपल्या वळणाने 'नको' म्हटलं. भांडं गेलं ते गेलंच! हिने खोलीत जाऊन बॅगेतला चिवडा खाल्ला. ती हसत सांगत होती. मला मात्र रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. ही पोरगी लहानपणापासून पहिल्या विचारण्याला कधी हो म्हणालीच नाही. अशा मुलखात ती उपाशी राहील आणि कुणाला कळणारही नाही, हे माझ्या मनातून जाईना.

संध्याकाळी इंगरिडला बरं वाटलं आणि ती स्वतःच टेकडीवर जाऊ म्हणाली. वेताळ टेकडीच्या वाटेवर आम्ही फोटो काढायला थांबलो, तेवढ्यात मागून काठीवाले एक आजोबा आले. "बाजूला उभ्या राहा. टेकडी कुठे जात नाहीये, आम्हाला मात्र जायचंय," म्हणाले आणि गेले. वर पोचल्यावर वारा सुटला होता, खाली कोथरूडचे दिवे लागत होते. मी धीर करून विचारलं, तुमच्या घरी माझ्या मुलीला दुसऱ्यांदा कोण विचारणार?

इंगरिड हळू म्हणाली, "दुसऱ्यांदा विचारलं, तर तिचं पहिलं उत्तर मी मानलंच नाही असं होईल. तिच्या नाहीवर माझा विश्वास हवा ना?"

मला आमचे धाकटे भावजी आठवले. अकोल्याच्या एका स्थळाला रेवतीने स्पष्ट नाही म्हटलं होतं, तरी ते वर्षभर त्या मुलाचा फोटो घेऊन येत होते. पोरी लाजतात, म्हणायचे. आमच्याकडे आग्रहाने माणसं तृप्त होतात हे खरं, पण मुलीचं 'नाही' एका खेपेत ऐकणारं घर मी आजवर पाहिलं नव्हतं. तिथे ती चार दिवस अर्धपोटी राहील, मग मागून घ्यायला शिकेल. शिकलीही असेल. उतरताना इंगरिड म्हणाली, 'ताक फॉर तूरेन' (या भटकंतीबद्दल आभार). या वेळी मला ते परकं वाटलं नाही.

अमरावतीला पोचले तर हे फाटकातच उभे. हातपाय धुवायच्या आत सगळं विचारून झालं. मी सांगितलं, माणसं चांगली आहेत. एकदाच विचारतात, पण ऐकतात. यांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि रेवतीला फोन लावला. स्पीकर चालू होता. "बाळ, एरिकशी लग्न करायचंय तुला?"

"हो, बाबा."

ती एका विचारण्यात हो म्हणाली! तरी सवयीने यांनी पुन्हा तोंड उघडलं, "पण बाळा, नक्की..."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "अहो," मी म्हटलं, "सांगितलं ना तिने."