नाव झाकलेला अर्ज

आमच्या ह्यांच्या मावसभावाइतका गुपित ठेवणारा माणूस अख्ख्या कतारात झाला नाही. आपल्या पोटात गोष्टी राहत नाहीत. भावजींच्या पोटातून काही बाहेरच येत नसे. अबू हमूरच्या एका इंडियन शाळेत ते रेकॉर्ड सांभाळायचे. मुलांचे दाखले, मार्क, आजारपणं, पत्ते, सगळं त्यांच्या ताब्यात. टेबलावरून कागद हलायचा तर आधी काळं मार्कर निघायचं आणि नाव, जन्मतारीख, फोन नंबर यांच्यावर जाड पट्टी फिरायची, मग तो कागद शेजारच्या खोलीत जाणार असला तरी. लग्न केलं नव्हतं. अल नस्रला एका खोलीत राहायचे आणि दर शुक्रवारी आमच्याकडे अल अझीझियाला जेवायला यायचे. आमच्या फ्रीजवर लेकीचं टाइमटेबल लावलेलं असे, ते आल्या आल्या उलटं करून ठेवायचे. "पाणीवाला आत येतो, वहिनी," म्हणायचे.

आणि मी कशी, तर चार घरच्या चौकशा केल्याशिवाय मला जेवण जात नाही. शाळेत कोण नापास झालं, कुणाच्या आईला बोलावलं, काय काय विचारायचे मी! पण ताकास तूर लागू देतील तर शपथ. लेक त्यांच्याच शाळेत. नववीत असताना तिची तुकडी वर्षाच्या मध्येच बदलली. शाळेनं कारण दिलं नाही, ती बोलेना. म्हटलं, घरचा माणूस ऑफिसात आहे, विचारावं. तर भावजी वाटीत बघत म्हणाले, "वहिनी, आमटी फर्मास झालीय." मी त्यांच्या तोंडावर घुम्या म्हटलं त्यांना. त्यांनी आमटी पुन्हा मागून घेतली.

त्याच्या पुढच्या वर्षी ती जाहिरात आली. वर्ल्ड कप यायचा होता, सगळं दोहा खणून ठेवलेलं. काल जिथून गेलो तिथे आज खड्डा आणि परवा हिरवंगार गवत. अशा दिवसांत माणसाला काहीही शक्य वाटतं. सरकारला देशभरातल्या विद्यार्थ्यांची खाजगी माहिती जपण्यासाठी एक मोठा अधिकारी हवा होता. भावजींनी जाहिरातीचं कात्रण खिशात ठेवलं आणि त्या दिवसापासून ते अर्धे आमच्यात, अर्धे त्या ऑफिसात राहू लागले. जेवण झालं की सोफ्यावर रेलायचे. बाहेर धुळीनं पांढरं झालेलं आकाश, एसीची घरघर, आणि भावजी डोळे मिटून सांगताहेत. "खिडकीतून समुद्र दिसतो, वहिनी. भिंतभर कप्पे. प्रत्येक मुलाला एक कप्पा, आणि किल्ली त्या मुलाकडे. मला बघायचं असलं तरी मी त्याला विचारायचं, बाळा, उघडू का?" ऐकता ऐकता मलाही तो समुद्र दिसायला लागायचा.

एवढा ध्यास कशाला, ते एकदाच बोलले. नाशिकला पाचवीत असताना गुरुजींनी डॉक्टरांची चिठ्ठी वर्गात मोठ्यानं वाचली. ह्याला फिट येते, ह्याच्याशेजारी कोण बसेल? कुणी बसलं नाही. दहावीपर्यंत भावजी बाकावर एकटे होते. "मोठ्या जागेवर बसलो की एक नियम काढीन," म्हणाले. "कुणाची चिठ्ठी कुणी मोठ्यानं वाचायची नाही."

अर्जाचा मसुदा मी वाचला. सर्वांत मोठी कामगिरी कोणती, उदाहरण द्या, असा प्रश्न होता. पुढे भावजींनी इंग्रजीत लिहिलं होतं, 'सांगता येणार नाही.' ह्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, एक तरी उदाहरण दे! नोकरी हवीय ना तुला?" भावजी म्हणाले, "हवीय रे. फार हवीय. पण ते माझं नाही ना सांगायचं." नीट फाइल करून अर्ज स्वतः नेऊन दिला. "आता इन्शाल्ला," म्हणाले.

मग आम्ही फोनची वाट बघत बसलो. महिने गेले. मेट्रो सुरू झाली, स्टेडियमांवर छप्परं चढली, भावजींनी दोन टाय आणले. एका शुक्रवारी ह्यांनी अर्जाची झेरॉक्स बघायला मागितली. लेकीनं पानं चाळली आणि किंचाळलीच. "काका, व्हेअर इज युअर नेम?"

पानापानावर काळ्या पट्ट्या. नाव, जन्मतारीख, फोन नंबर. कागद टेबलावरून बाहेर जायचा होता, हातानं आपलं काम केलं होतं.

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच. मला रडूच आलं. मुदत केव्हाच उलटली होती. भावजी बराच वेळ त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. मग डोळे मिटून सोफ्यावर रेलले. "खलास," म्हणाले. आणि जरा वेळानं, "वहिनी, पण साहेब विचारात पडला असेल हं. म्हणाला असेल, हाच माणूस पाहिजे. आता हा शोधायचा कुठे?" पुढे कितीतरी शुक्रवार तो साहेब त्यांना शोधत होता.

रस्त्यावर देशोदेशींचे झेंडे लागायला लागले तेव्हा लेक कॉलेजला पुण्याला गेली. एकदा फोनवर अर्ज, काळ्या पट्ट्या अशा गप्पा निघाल्या. तशी ती हळूच म्हणाली, तेही चक्क मराठीत, "आई, नववीत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. मी डबा काकांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर खायचे. ते रोज आपला डबा घेऊन शेजारी येऊन बसायचे. काही विचारलं नाही कधी. तुकडी त्यांनीच टीचरशी बोलून बदलून दिली. तुला सांगू नका, असं मीच म्हटलं होतं."

माझ्या हातचा डबा, आणि मला पत्ता नाही. ज्यानं तिला सोबत केली त्याला मी माझ्याच घरात घुम्या म्हणाले. त्या शुक्रवारी वाढताना मी विचारलंच. "भावजी, अर्जात ते उदाहरण लिहिलं नाहीत, ते आमच्या घरचं होतं ना?"

त्यांनी वाटीत बघितलं. "वहिनी," म्हणाले, "आमटी फर्मास झालीय."

मी आणखी वाढली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढचं काही विचारलं नाही.