दोष मेहकरच्या लाईटीचा नव्हता

मंडळी, आज दिवसभर माझा संशय एकावरून दुसऱ्यावर फिरत होता, म्हणून लिहितेय.

मी मेहकरला बाबांजवळ राहून पुण्याच्या एका कंपनीसाठी ड्रायव्हर लिहिते, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम. तो ज्यावर तपासते, तो माझ्याकडचा सर्किट बोर्ड चालू होतानाच मधूनमधून अडकायचा. सकाळी कंपनीतले सर फोनवर म्हणाले, "पुण्यात नीट चालतो. तुमच्या गावची लाईट खराब आहे. पुढच्या महिन्यापासून इकडेच ये."

बाबा निवृत्त वायरमन. त्यांनी मीटर लावून तासभर व्होल्टेज पाहिलं. "लाईटीले काऊन दोष देऊन राह्यले ते? सप्लाय बरोबर हाय. तू तुह्या कोडात पाह्य."

राग आला, पण पाहिलं. ड्रायव्हरची तयारी अर्धवट असतानाच सिस्टीमला वाटायचं, हा भाग रिकामा बसलाय. वीज वाचवायला ती त्याला झोपवायची. ती परवानगी मीच फार लवकर दिली होती. कोडातली ती ओळ तयारी पूर्ण झाल्यानंतर, शेवटी नेली. मग चाळीस वेळा चालू-बंद केलं, बोर्ड एकदाही अडकला नाही.

मग पुण्यात तो कसा चालत होता? तिथल्या सहकाऱ्याला फोन केला. तो हळूच म्हणाला, "इथेही अडकायचा गं. आम्ही रीस्टार्ट करून पुढे जायचो."

सरांना दोन्ही गोष्टी कळवल्या, माझी चूक आणि पुण्यातलं अडकणंही. उत्तर आलं, "ठीक आहे, तिथूनच काम कर."

तुमच्याकडे काही बिघडलं की आधी संशय कशावर जातो, कामावर की गावावर?